धुक्यातली फुलांची गाडी

अहमदपूरला महामायाचं माहेर सडकेच्या वळणावर होतं. लहानपणी ती अंथरुणात पडली की नांदेडकडून येणाऱ्या गाड्यांचा उजेड खिडकीतून आत यायचा. आधी कोपऱ्यात एक पुसट चौकोन उमटायचा. मग त्यात खिडकीचे गज दिसायचे आणि ते गज हळूहळू चालायला लागायचे. पत्र्याच्या पेटीवरून, खुंटीवरच्या कपड्यांवरून, बाबासाहेबांच्या तसबिरीवरून सरकत सरकत ते दारापाशी जायचे आणि विरून जायचे. ट्रकचा उजेड वरून यायचा आणि बराच वेळ रेंगाळायचा. एसटीचा पिवळा, थकल्यासारखा. मोटारसायकलचा एकुलता एक ठिपका भिंतीवर थरथरत पळायचा. पोरीला वाटायचं, ही सगळी उजेडाची माणसं आहेत, आपल्या घरातून वाट काढून कुठंतरी जातायत. ती कुठं जातात ते बघायच्या आत तिला झोप लागायची.

लग्न होऊन ती मुदखेडला आली. नवरा आनंदराज रेल्वेत, रुळांच्या देखभालीवर. सासू नागुबाई आणि गावाबाहेर थोडीशी जमीन. त्या जमिनीत फुलं. हिवाळ्यात शेवंती, झेंडू, गुलाब, उन्हाळ्यात मोगरा. महामायाला पहिल्या दिवसापासून ते रान आवडलं. पहाटे दिवस उगवायच्या आधी फुलं तोडायला वाकलं की वास जमिनीतून वर यायचा आणि पदरात, केसांत, बोटांच्या पेरांत बसायचा. आनंदराज कामावर गेला तरी त्याच्या डब्याला गुलाबाचा वास यायचा. सोबतचे लोक त्याला हसायचे, आणि तोही हसायचा.

फुलं नांदेडच्या बाजारात न्यायला गावात एकच टेम्पो होता. तो सगळ्यांच्या टोपल्या गोळा करत फिरायचा, कधी लवकर, कधी उशिरा. उशीर झाला की गुलाब मान टाकायचे. एका पहाटे महामाया तशीच वाट बघत टोपल्यांपाशी बसली होती. ऊन वर आलं तरी टेम्पो आला नाही. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी गाडी शिकते."

आनंदराज जेवत होता. त्यानं घास तसाच धरला. "कोणती गाडी?"

"कोणती बी. फुलं बसतील एवढी."

आनंदराजनं आईकडं बघितलं. नागुबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती वर न बघता म्हणाली, "शिक की. पण आधी मला फिरवून आणायचं. मला मागं नको, पुढं बसायचं हाय."

असं ते ठरलं. कुणाचीतरी वापरलेली एक पांढरी व्हॅन त्यांनी घेतली. शिकवायला शेषेराव काका तयार झाले. काका शेजारच्या शेताचे मालक. आयुष्यभर सरकारी जीप चालवून निवृत्त झालेले, उंच, किडकिडीत, आणि बोलताना डोळे मिटून घेणारे. क्लच, गिअर, ब्रेक हे सगळं त्यांनी माळावर दिवसा शिकवलं. मग एकदा दिवस मावळायच्या वेळी ते महामायाला म्हणाले, "आज तू गाडीत बसू नको. तिथं लांब त्या दगडावर जाऊन बस. माझ्याकडं तोंड करून."

ती जाऊन बसली. माळावर करडा उजेड होता. झाडं होती पण त्यांना खोली नव्हती, जणू कुणी कागदाची कापून उभी केलेली. समोर व्हॅन होती. ती पांढरी असून नीट दिसत नव्हती. मग काकांनी लाइट लावली, अप्पर. महामायाच्या डोळ्यांत एकदम पांढरं भरलं. माळ गेला, झाडं गेली, स्वतःचे हातसुद्धा गेले. ती उठून उभी राहिली आणि तिला कळेना की कुठल्या बाजूला पाय टाकावा. मग खट्‌ असा बारीक आवाज झाला, उजेड खाली उतरला, आणि जग परत आलं. आधी गवत, मग दगड, मग स्वतःची पावलं.

काका चालत तिच्यापाशी आले. "कळलं का?"

"हाव."

"काय कळलं?"

ती विचार करून म्हणाली, "अप्पर मारला की समोरचा माणूस न्हाईसा होतो."

काका डोळे मिटून हसले. "आपल्याला तो दिसत असतो, म्हणून आपल्याला वाटते समदं ठीक हाय. समोरून गाडी आली की डिपर करायचा, म्हंजे उजेड खाली उतरवायचा. पुढच्या गाडीच्या मागं चाललीस तरी डिपर. तिच्या आरशात तुझा उजेड घुसतो. आणि समोरच्यानं ऐकलंच न्हाई, तर त्याच्या उजेडात बघायचं न्हाई. रस्त्याची डावी कड धरायची नजरेनं आणि हळू व्हायचं."

"आणि आता ह्या टायमाला? दिसते की अजून."

"तुला दिसते. पर तू दिसत न्हाईस. गाडी कुठं दिसत होती तुला आत्ता?"

तेव्हापासून महामाया दिवस मावळायला लागला की लाइट लावायची. शेजारून जाणारे एखादवेळेस हसायचे, एवढा उजेड असताना ही बाई दिवे लावून चालली म्हणून. तिला त्याचं काही वाटत नसे. तिला ती वेळ मुळातच आवडायची. रस्ता आभाळासारखा निळसर व्हायचा, लांबच्या गाड्यांचे दिवे एकेक उगवायचे, आणि ते गाड्यांचे न वाटता गावांचे वाटायचे, तिकडं खूप लांब वसलेल्या.

भादव्यात एकदा ती नागुबाईला घेऊन अहमदपूरहून परत येत होती. लोह्याच्या पुढं पावसानं गाठलं. दुपारच होती, पण आभाळ इतकं उतरलं की रान, रस्ता, पाऊस एकाच रंगाचे झाले. महामायानं डिपर लावला आणि वेग उतरवला. काचेवरून पाणी वाहत होतं आणि पुसणारी काडी त्याला पुरी पडत नव्हती. नागुबाई शेजारी पेंगत होती. अचानक पावसातून एक करडी गाडी बाहेर आली. लाइट नाही, काही नाही. इतक्या जवळून गेली की व्हॅन हलली.

नागुबाई जागी झाली. "काय गेलं गं?"

"गाडी होती, आत्याबाई."

"मला तर कायबी दिसलं न्हाई."

"मलाबी न्हाई दिसलं."

नागुबाई बराच वेळ मागं वळून पावसाकडं बघत राहिली. तिथं काहीच नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, "खरंच होती का?" आणि महामायालाही क्षणभर शंका आली.

मी सांगतोय ती गोष्ट त्यानंतरच्या जानेवारीतली. त्या सकाळी गावावर धुई उतरली होती. गोदावरीच्या अंगानं हिवाळ्यात ती येतेच, पण अशी घट्ट क्वचितच. महामायानं फुलं तोडली ती हातानं चाचपून. शेवंती थंड आणि ओली होती. टोपल्या व्हॅनमध्ये भरताना शेजारची टोपली दिसत नव्हती. आनंदराज म्हणाला, "आज नको जाऊस. उठू दे धुई." पण नांदेडला एका लग्नाच्या मंडपाची फुलं सांगून ठेवलेली होती, आणि वाटेत ज्ञानोबाच्या शेतातली शेवंतीही घ्यायची होती. "हळू जाते," ती म्हणाली.

गावाबाहेर आल्यावर तिनं सवयीनं अप्पर लावून बघितला. समोर भिंत उभी राहिली. उजेड धुक्यावर आपटून तिच्याच अंगावर परत येत होता. तिनं लगेच डिपर केला, तेव्हा भिंत थोडी मागं सरली आणि डांबराचा एक तुकडा दिसायला लागला. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरून ती निघाली. रेघ पुढं पुढं उमटत होती आणि मागं पुसली जात होती. आवाज सगळे मऊ झाले होते. गाडीत फुलांचा वास इतका दाटला होता की तिला वाटलं, बाहेर धुकं नाही, हा वासच सगळीकडं पसरलाय, आणि आपण त्यातून तरंगत चाललोय.

मागून कुणी धडकू नये ही एकच धास्ती होती. तिनं लाल त्रिकोणाचं बटण दाबलं. चारी इंडिकेटर एकदम उघडझाप करायला लागले. ते बटण गाडी बंद पडून रस्त्यात उभी राहिली तरच दाबायचं, चालत्या गाडीत नाही, असं काकांनी सांगितलं होतं. पण धुक्यात, पावसात हल्ली सगळेच ते दाबून चालतात. तिला वाटलं, एक उजेड जास्तच बरा.

थोड्या वेळानं आरशात दोन पिवळट ठिपके दिसले. मग त्यांच्या मागं एक. मग आणखी दोन. ते ना जवळ येत होते, ना लांब जात होते. तिला बरं वाटलं. आपण एकटे नाही.

ज्ञानोबाच्या शेताची बाभूळ दिसली तशी तिनं डावा इंडिकेटर दिला आणि कच्च्या वाटेला वळली. व्हॅन उंचसखल वाटेवरून डुलत चालली. आणि तिनं आरशात बघितलं तर ते दोन ठिपके तिच्या मागं वळत होते. त्यांच्या मागचा एक वळला. त्याच्या मागचे दोन वळले.

ह्या वाटेला ज्ञानोबाच्या शेताशिवाय काही नव्हतं. रानात, अशा धुक्यात, एकट्या बाईच्या मागं कोण येतंय? तिनं वेग वाढवला. ठिपक्यांनीही वाढवला. खळ्यात पोचल्यावर तिला एकच सुचलं. तिनं गाडी थांबवली आणि सगळे दिवे विझवून टाकले.

धुक्यानं व्हॅन गिळून टाकली. मग मागून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला आणि व्हॅनला एक धक्का बसला. फार जोराचा नव्हता, पण मागचं दार उघडलं आणि शेवंतीच्या टोपल्या खळ्यात कलंडल्या.

"अहो, लाइट का बंद केली?" धुक्यातून एक घाबरलेला आवाज आला. "पुढं रस्ता बंद हाय का?"

महामाया काच थोडीशी खाली करून म्हणाली, "कोण हाय? माझ्या मागं का आलाव?"

"मागं म्हंजे? नांदेडलाच चाललोय की."

"हा नांदेडचा रस्ता न्हाई. हे ज्ञानोबाचं शेत हाय."

मग एक माणूस चालत काचेपाशी आला. कानटोपी घातलेला, चाळिशीचा, भेदरलेल्या चेहऱ्याचा. त्याचं नाव वैजनाथ. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून भोकरहून तिला घेऊन नांदेडला निघालेला. "ताई, मला रस्ता दिसतच नव्हता," तो म्हणाला. "तुमचे लाल दिवे दिसत होते, तेच धरून आलो. तुम्ही वळलाव ते कळलंच न्हाई. इंडिकेटर तरी द्यायचा."

"दिला होता की!" असं म्हणता म्हणता ती गप्प झाली. चारी दिवे उघडझाप करत असताना त्यातला एक डावीकडं बोलावतोय की उजवीकडं, हे कुणाला कळणार? तिचा इंडिकेटर त्या चार दिव्यांत बुडून गेला होता. आणि आत्ता भीतीपोटी सगळेच दिवे विझवून ती त्याच्या वाटेत उभी राहिली होती.

ती खाली उतरली. "चूक माझी झाली, भाऊ. लागलं का कुणाला?"

"न्हाई, न्हाई. बंपरच टेकला."

तोवर बाकीचेही येऊन थांबले होते. मोटारसायकलला दुधाचे कॅन लावलेला एक गवळी. तो वैजनाथच्या मागं आला होता, आणि आता चिडून विचारत होता की माझ्या दुधाचं कोण बघणार. त्याच्या मागं बँडवाल्यांची जीप. भोकरचं लग्न उरकून नांदेडच्या लग्नाला निघालेली, आत सगळे वाजंत्री एकमेकांवर डोकी टाकून झोपलेले. त्यातला क्लॅरिनेटवाला म्हातारा जागा होऊन खाली उतरला. त्याच्या पायाखाली शेवंती होती, समोर शेवंती होती, आणि बाकी सगळीकडं पांढरं. तो तसाच उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "मी मेलो की काय?"

आधी गवळी हसला. मग वैजनाथ. मग सगळेच.

आवाज ऐकून ज्ञानोबा फुलं तोडायची सोडून आला. आपल्या खळ्यात एवढ्या गाड्या बघून त्याला काही उमजेना. समजल्यावर त्यानं काही न विचारता तीन दगड मांडले आणि चुलीत काटक्या घातल्या. गवळ्यानं कुरकुर करतच कॅन उघडला. चहा उकळायला लागला. धुक्यात धूर मिसळला, आणि आगीभोवती लालसर उजेडाचं एक घर तयार झालं. त्या घराबाहेर कुठलंच जग नव्हतं.

महामाया सांडलेली फुलं भरत होती. तेवढ्यात वैजनाथनं आईला धरून गाडीतून उतरवलं. शिवम्मा तिचं नाव. ठेंगणी, डोक्यावरून शाल घेतलेली. महामाया पुढं होऊन म्हणाली, "बघून, आजी. आज कायबी दिसून न्हाई राहिलं."

"मला तर रोजच असं दिसते, बाई," शिवम्मा म्हणाली. "आज समद्यांना माझ्यासारखं दिसून राहिलं, म्हणून बरं वाटलं."

ती चुलीपाशी टेकली. महामायानं तिच्या ओंजळीत फुलं दिली. शिवम्मानं ती नाकाला लावली, गालाला लावली, मग नुसती धरून बसली. "दिव्याभोवती मला रिंगण दिसते," ती सांगत होती. "समोरून गाडी आली की एकेक दिवा एवढा मोठा फुलतो, ह्या फुलागत. पोरगा म्हणतो, माय, डोळे मिट. मी मिटत न्हाई. मला लई गोड दिसते ते. आता ऑपरेशन झालं की ते जाईल."

क्लॅरिनेटवाल्यानं पेटीतून वाद्य काढलं, थंडीनं आखडलेली बोटं चुलीवर शेकली, आणि फुंकर मारून बघितली. एक लांब सूर निघाला आणि धुक्यात शिरला. तो परत आलाच नाही. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि आणखी एक सोडला. लग्नाचंच काहीतरी होतं, पण इतकं संथ की ते कुणाच्या लग्नाचं वाटत नव्हतं. ज्ञानोबा पातेल्यावर पळी धरून थांबला होता. महामायाला वाटलं, ही सकाळ कुठल्याच दिवसातली नाही. हिला पुढं दुपार नाही.

पण धुकं पातळ झालं. बाभळीची फांदी आधी आली, मग बुंधा, मग वाफे एकामागून एक उघडत गेले. पिवळे, पांढरे, लांबपर्यंत. सगळे उठले. वैजनाथनं विचारलं, "ताई, तुम्ही पुढं चालता का? आम्ही मागं येतो."

"चालते," महामाया म्हणाली. "पर आता नीट."

तिनं डिपर लावला, मागचे लाल दिवे लागलेत का ते उतरून बघितलं, आणि ते त्रिकोणाचं बटण बंद केलं. रस्त्याला लागताना डावा इंडिकेटर दिला. एकटाच दिवा उघडझाप करत होता, स्वच्छ. मागच्या प्रत्येकानं आपापला इंडिकेटर दिला. मग ती ओळ रस्त्यावर आली आणि नांदेडच्या दिशेनं निघाली. एकमेकांत अंतर ठेवून, कुणीही अप्पर न मारता. शहरात शिरल्यावर फुलबाजाराच्या वळणावर तिनं लांबूनच इंडिकेटर दिला. वैजनाथनं हॉर्न वाजवला आणि तो सरळ गेला. गवळी कधीच पुढं निघून गेला होता. बँडवाल्यांनी मात्र खिडकीतून हात बाहेर काढले, आणि ते बराच वेळ बाहेर होते.

मंडपवाला रागावला होता, पण फुलं ताजी होती. धुक्यानं ती पहाटेसारखीच ठेवली होती.

पुढं आठवड्याभरानं वैजनाथचा फोन आला. खळ्यातून निघताना त्यानं नंबर घेतला होता. ऑपरेशन चांगलं झालं होतं. "मायचं एकच चाललंय," तो म्हणाला. "विचार म्हणते, ती फुलं पिवळी होती का पांढरी?"

"पिवळी बी होती, पांढरी बी," महामाया म्हणाली. "त्यांना घेऊन या एकदा. अजून हायत."

पण त्या दिवसातलं महामायाला सगळ्यात जास्त आठवतं ते परत येतानाचं. बाजार आटोपून ती निघाली तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. धुकं कधी होतं असं कुणाला सांगितलं तरी पटलं नसतं. रिकाम्या टोपल्या मागं खडखडत होत्या, आणि ती अर्धी जागी, अर्धी त्या खळ्यातच होती. समोरून एक ट्रक आला. ड्रायव्हरनं हात बाहेर काढून बोटं मिटली, उघडली. महामायाला वाटलं, तो आपल्याला ओळखतो. तिनंही हात हलवला. पुढच्या जीपवाल्यानं तसंच केलं. मग एका मोटारसायकलवाल्यानं. मग एसटीच्या ड्रायव्हरनं. सगळे तिच्याकडं बघून हाताची पाकळी मिटत होते, उघडत होते, आणि ती प्रत्येकाला हसून हात दाखवत होती. तिला वाटलं, सकाळची गोष्ट सगळ्या रस्त्याला कळलीय.

मुदखेडचं रेल्वे फाटक बंद होतं. पलीकडं रुळांवर माणसं काम करत होती. त्यांतून आनंदराज फावडं खांद्यावर टाकून आला. त्यानंही हात वर करून बोटं मिटली, उघडली.

महामायानं त्यालाही हात हलवला.

तो खिडकीपाशी येऊन वाकला. "माया, लाइट चालू हाय."

"कुठली?"

"समोरची. एवढ्या उन्हात."

तिनं बटणाकडं बघितलं. मग कपाळाला हात लावून हसायला लागली, इतकी की शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून बघितलं. "अहो, मला वाटलं समदे मला नमस्कार करून राहिले!"

आनंदराजलाही हसू आवरेना. मागून मालगाडी आली. डबे मोजता येणार नाहीत एवढी लांब, आणि तिच्या खडखडाटात दोघांचं हसू ऐकू आलं नाही. ती गेल्यावर महामायानं दिवे बंद केले. फाटक वर गेलं.